कम्युनिटी कॉलेजात अमेरिकन इतिहास-संस्कृती शिकायची आहे (कॅलिफोर्निया): सुरुवात कुठून करावी?

सनीव्हेलकर:
नमस्कार. मी एच-४ व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याची अवलंबित म्हणून) सनीव्हेलला राहते. शिक्षण बी.कॉम., पुणे. ज्या देशात राहतोय त्याचा इतिहास, साहित्य, कला यांचा रीतसर अभ्यास करायची इच्छा आहे, म्हणून कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) ह्युमॅनिटीजचे कोर्स घ्यावेत असं ठरवतेय. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं जवळ आहेत, ओलोनी कॉलेजलाही जाता येईल. पुढे एम.ए. करायचं ठरलं तर हे कोर्स उपयोगी पडावेत. फी किती पडते, सुरुवात कुठल्या कोर्सनं करावी, आणि परीक्षेत मुद्देसूद उत्तरं लिहून शिकलेल्या माणसाला इथले निबंध कितपत जड जातात, हे जाणकारांनी सांगावं.

दक्षिणखाडी:
एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, एक कोर्स घ्या नाहीतर चार. कोणी एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जायचा सल्ला दिला तर घाई करू नका. एफ-१ वर दर सत्राला किमान १२ युनिट (कोर्सचं वजन मोजायचं माप) घ्यावी लागतात, आणि तो व्हिसा असेपर्यंत कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून फी भरता येत नाही. एच-४ वर येते.

फीचा सगळा हिशेब या रहिवासावरच आहे. रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीच्या (लांब सत्रांच्या) कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर, क्वार्टर पद्धतीच्या (आखूड सत्रांच्या) कॉलेजात ३१ डॉलर. म्हणजे ओलोनीत ३ युनिटांचा कोर्स १३८ डॉलरला आणि डी अँझात ४ युनिटांचा १२४ डॉलरला. वर आरोग्य, पार्किंग वगैरेची किरकोळ फी. रहिवासी ठरला नाहीत तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. अट अशी, की सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला असावा आणि इथेच राहण्याचा इरादा कागदोपत्री दिसावा. घोळ होतो तो या दुसऱ्या भागात. घराचा करार, वीजबिल, बँक खातं सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि बायको दोन वर्षं इथे राहूनही तिच्या नावाचा एक कागद नाही. त्यामुळे करारात नाव घालून घ्या, जोड खातं उघडा, कॅलिफोर्नियाचं लायसन्स काढा, राज्याचं टॅक्स रिटर्न दोघांनी मिळून भरा आणि त्याची प्रत जपून ठेवा. अर्ज सीसीसी-अप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतो आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी चालतो. पोर्टलवर नॉन-रेसिडेंट असं दिसलं तर घाबरू नका, पण सत्र सुरू व्हायच्या आत कागद घेऊन अ‍ॅडमिशन्स अँड रेकॉर्ड्सच्या खिडकीवर जा. नंतर मागच्या सत्राची फी बदलून मिळेल या भरवशावर राहू नका.

क्वार्टर बारा आठवड्यांचं असतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिली मिडटर्म दारात उभी राहते, एक आठवडा आजारपणात गेला की भरून काढणं कठीण. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी सेमिस्टर सुचवेन, म्हणजे ओलोनी किंवा मिशन कॉलेज. वेळेचा अंदाज असा: सेमिस्टर असो की क्वार्टर, प्रत्येक युनिटला आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास. तीन युनिटांना नऊ तास, चारला बारा. ह्युमॅनिटीजमध्ये हे दोन तास खरोखर लागतात. पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या, फार तर दोन.

नोंदणीत नव्या विद्यार्थ्यांचा नंबर सहसा मागे लागतो. वर्ग भरलेला दिसला तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या तासाला हजर राहा. जागा झाली की प्राध्यापक अ‍ॅड कोड (नाव नोंदवायचा संकेतांक) देतात. ऑनलाइन वर्गात पहिल्या आठवड्यातलं काम पूर्ण केलं नाही तर तुम्हाला काढून जागा दुसऱ्याला दिली जाते. आणि कोर्स सोडायचा असेल तर स्वतः पोर्टलवर जाऊन सोडा. जाणं बंद केलं म्हणजे नाव आपोआप कमी होईल असं धरू नका, नाहीतर ट्रान्स्क्रिप्टवर एफ (नापास) पडतो आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) खाली येतो. पहिल्या मुदतीत सोडला तर फी परत मिळते आणि नोंदही राहत नाही, दुसऱ्या मुदतीत सोडला तर डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) लागतो, त्यानंतर जी ग्रेड येईल ती. या तारखा प्रत्येक कोर्सच्या वेगळ्या असतात, नोंदणी केली त्याच दिवशी कॅलेंडरात टाका.

एम.ए.चं मनात असेल तर पास/नो-पासचा पर्याय घेऊ नका, लेटर ग्रेडच घ्या. तीन वर्षांची बी.कॉम. काही विद्यापीठं इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत, तेव्हा ज्या विभागात जायचं त्यालाच आधी ईमेल करून विचारा. पदवीचं मूल्यमापन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडूनच करून घ्या, आणि तेही विभाग मागेल त्या प्रकारचं.

तळटीप:
फीचं वर आलंच आहे, मी कोर्स आणि लिखाणाबद्दल सांगतो.

"अमेरिकन संस्कृती" या नावाचा एकच कोर्स शोधत बसू नका. ती इंग्रजी, इतिहास, एथ्निक स्टडीज, कला-इतिहास अशा विभागांत विखुरलेली असते. पहिला कोर्स कॉलेज कॉम्पोझिशनचा घ्या. राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांच्या समान क्रमांक पद्धतीत तो इंग्लिश सी-१००० या नावानं दिसतो. प्रवेश परीक्षा नसते. २०१७ च्या एबी ७०५ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानंतर विद्यार्थ्यांना थेट या पातळीवर बसू देतात. इंग्रजी लिहिण्याची सवय अगदीच कमी असेल तर ईएसएलच्या (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी वर्गाच्या) शिक्षकांशी बोलून ठरवा. पण हा कोर्स टाळून इतिहासात उडी मारू नका, कारण बाकी सगळीकडे ग्रेड याच कौशल्यावर मिळते.

दुसरा, अमेरिकेचा इतिहास. सेमिस्टर कॉलेजात त्याचे दोन भाग असतात आणि ते १८७७ ला तुटतात, कारण तिथे दक्षिणेतली पुनर्रचना (यादवी युद्धानंतरची राज्यांची फेरउभारणी) संपते. क्वार्टर कॉलेजात तीन भाग. शक्यतो पहिल्या भागापासून घ्या. गुलामगिरी आणि राज्यघटनेचा झगडा समजल्याशिवाय विसावं शतक उकलत नाही. तिसरा, एथ्निक स्टडीजमधला आशियाई-अमेरिकन इतिहास. आपल्यासारख्यांना हा कोर्स सर्वात जवळचा आणि सर्वात धक्का देणारा. तेव्हा आशियातून आलेल्यांना नागरिकत्व मिळवायला "गोरा" ठरावं लागे. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं भारतातून आलेल्या भगत सिंग थिंड यांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं. त्याच्या तीनच महिने आधी ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात न्यायमूर्ती सदरलँड यांनी "गोरा म्हणजे कॉकेशियन" असा निकष लावून जपानी माणसाला नाकारलं होतं. थिंड नेमका तोच निकष पुढे करून आले, तेव्हा त्याच न्यायमूर्तींनी वंशांचं शास्त्र बाजूला ठेवून सामान्य माणसाची समजूत प्रमाण मानली. दोन्ही निकाल छोटे आहेत, ऑनलाइन फुकट मिळतात. कोर्स सुरू व्हायच्या आधी वाचून ठेवा.

आता निबंध. भारतातून आलेल्यांचे गुण जातात ते व्याकरणात नव्हे, माहिती लिहिण्यात. "१८८२ चा चिनी बहिष्कार कायदा: कारणं, तरतुदी, परिणाम" असं व्यवस्थित उत्तर लिहिलं की सी मिळतो. इथे निबंधाला थीसिस लागतो, म्हणजे असं विधान ज्याच्याशी एखादा समंजस वाचक असहमत होऊ शकेल. "हा कायदा वंशद्वेषी होता" यावर वाद नाही, म्हणून तो थीसिस नाही. आता हे पाहा: "१८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना देशात येण्यापासून अडवलं पण व्यापारी आणि विद्यार्थ्यांना वाट ठेवली, म्हणून कोण मजूर आणि कोण व्यापारी हे ठरवणाऱ्या कागदपत्रांचा कारभार उभा राहिला, आणि १८९२ च्या गिअरी कायद्यानं रहिवासाचं प्रमाणपत्र सक्तीचं केल्यावर संशयाचं ओझं इथे आधीपासून राहणाऱ्या चिनी माणसावर पडलं." हे सिद्ध करावं लागतं, म्हणून निबंधाला दिशा येते. हे विधान पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी टाका. "प्राचीन काळापासून मानव स्थलांतर करत आला आहे" अशी प्रस्तावना सरळ खोडा.

प्रत्येक परिच्छेदात एकच दावा आणि त्याचा पुरावा. उद्धरण देताना कोण, कधी, कुणाला उद्देशून बोलतंय ते आधी सांगा, मग लागेल तेवढेच शब्द उचला, आणि त्यानंतर किमान दोन वाक्यांत ते शब्द तुमचा दावा कसा पेलतात ते लिहा. तिसरी पायरी बहुतेकजण गाळतात. उद्धरण स्वतःच बोलेल असं वाटतं, पण ते बोलत नाही.

मांडणी इंग्रजी विभागात एमएलए या लेखनशैलीची: चारी बाजूंना एक इंचाचा समास, १२ पॉइंट अक्षर, दुप्पट ओळ-अंतर, कंसात लेखकाचं आडनाव आणि पृष्ठ क्रमांक, शेवटी वर्क्स सायटेड (संदर्भांची यादी). चार ओळींहून लांब गद्य उतारा अर्धा इंच आत घ्यायचा आणि त्याला अवतरणचिन्हं द्यायची नाहीत. इतिहासाचे प्राध्यापक बऱ्याचदा शिकागो पद्धतीच्या तळटीपा मागतात. एखाद्याचा विचार स्वतःच्या शब्दांत लिहिला तरी संदर्भ द्यावाच लागतो. इथे अनेकजण नकळत अडकतात, कारण शब्द बदलले म्हणजे झालं असं आपल्याकडे धरतात. एआय वापरायचा की नाही हा नियम प्रत्येक प्राध्यापकाचा वेगळा असतो, सिलॅबसमध्ये पाहा. लिखाण गूगल डॉक्समध्ये करा. शंका घेतली गेली तर मसुद्यांचा इतिहास दाखवता येतो.

सनीव्हेलकर:
दोघांचेही मनापासून आभार. कायद्याचं उदाहरण दिल्यामुळे थीसिस म्हणजे काय ते स्पष्ट झालं. वाचनाबद्दल अजून एक शंका आहे. एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वाचताना पानाला दहा मिनिटं लागतात. आणि वर्गातल्या चर्चेलाही गुण असतात असं ऐकलं, ते कसे देतात?

पुस्तकखूण:
पानाला दहा मिनिटं ही मूळ दस्तऐवजासाठी योग्य गती आहे, ती वाढवायच्या मागे लागू नका. वेगानं वाचायचं ते पाठ्यपुस्तक: आधी प्रकरणाची सुरुवात, शेवट आणि मथळे, मग मधलं. मूळ दस्तऐवज दोनदा वाचायचा. उदाहरणार्थ गुलामगिरीतून निसटलेले आणि तिच्याविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण, जे बहुतेक वर्गांत लावतात. पहिल्या वाचनात फक्त वळणं शोधा: आधी ते राष्ट्र उभारणाऱ्यांची स्तुती करतात, मग अचानक विचारतात की या उत्सवाशी गुलामांचा काय संबंध. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन "तुमचा" आणि "माझा" कुठे येतो तिथे खूण करा. स्तुती चालू असतानाही स्वातंत्र्यदिन "तुमचा"च आहे हे दिसलं, की निबंधाचा विषय हातात आला. तसंच १८४८ चा सेनेका फॉल्सचा स्त्री-हक्कांचा जाहीरनामा १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशेजारी ठेवून ओळीला ओळ लावा. राजाच्या जागी पुरुष येतो आणि तक्रारींची यादी तशीच पुढे चालते.

चर्चेचे गुण बोलण्याच्या लांबीवर नसतात. कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या व्यासपीठावर) सहसा आठवड्याच्या मध्यापर्यंत स्वतःची पोस्ट आणि रविवारपर्यंत दोघांना उत्तरं अशी मागणी असते. "छान लिहिलंस, मी सहमत आहे" याला शून्याच्या जवळ गुण. पाठातलं एक वाक्य पानासकट उचला आणि त्यावर प्रश्न विचारा किंवा हरकत घ्या. प्राध्यापकांच्या मताविरुद्ध बोलणं इथे उद्धटपणा मानत नाहीत, पण पुराव्याशिवाय बोललेलं चालत नाही. वर्गात बोलायला जीभ अडखळत असेल तर घरून दोन वाक्यं लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका. ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत) मसुदा संपूर्ण नेऊ नका, फक्त थीसिस आणि एक परिच्छेद न्या. पंधरा मिनिटांत तेवढंच नीट पाहून होतं.

पुस्तकांवर पैसे घालवायच्या आधी वेळापत्रकात झेडटीसीची खूण शोधा, म्हणजे पुस्तकखर्च शून्य असलेला वर्ग. अमेरिकन इतिहासासाठी ओपनस्टॅक्सचं पाठ्यपुस्तक फुकट मिळतं. नाहीतर कॉलेज ग्रंथालयाच्या रिझर्व्ह कपाटात पुस्तकाची प्रत असते, ठरावीक तासांसाठी मिळते.

दुसरे सत्र:
शोधनिबंधाच्या विषयाबद्दल थोडं. मराठी वाचणाऱ्याकडे इथे असं भांडवल आहे जे वर्गात सहसा दुसऱ्या कुणाकडे नसतं. महात्मा फुल्यांनी १८७३ ची "गुलामगिरी" अमेरिकेतल्या सद्गृहस्थांना गुलामांच्या मुक्तीबद्दल अर्पण केली. त्याच वर्षी अमेरिकेत पुनर्रचना चार वर्षांवर संपायला आली होती आणि दक्षिणेत मुक्त झालेल्यांवर हिंसा चालू होती. अर्पणपत्रिकेतली अमेरिका आणि १८७३ मधली प्रत्यक्ष अमेरिका यांतलं अंतर हा दहा पानांच्या निबंधाचा पुरेसा विषय आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत आल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्याचे इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत, त्यामुळे प्राध्यापकांना संदर्भ तपासता येतो. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेलं पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट संग्रहात स्कॅन करून ठेवलंय. आणि ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची संघटना, जिच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, ती १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन करणारे ह्यू न्यूटन आणि बॉबी सील एकमेकांना भेटले तेच मुळी एका कम्युनिटी कॉलेजात, आजच्या मेरिट कॉलेजात.

विषय घेताना तो आधी कापून लहान करा. "दलित पँथर आणि ब्लॅक पँथर" यावर ग्रंथ होईल, सत्रात निबंध होणार नाही. ब्लॅक पँथरचा १९६६ चा दहा कलमी कार्यक्रम आणि दलित पँथरचा जाहीरनामा यांतलं फक्त जमीन किंवा फक्त पोलीस एवढं एक सूत्र धरा. मराठी मजकूर उद्धृत करायचा असेल तर भाषांतर तुमचं स्वतःचं आहे असं संदर्भात लिहा आणि मूळ मजकूर परिशिष्टात जोडा. प्राध्यापकांची परवानगी प्रस्तावाच्या टप्प्यावरच ईमेलनं घ्या. अभ्यासलेख शोधायला कॉलेजच्या लॉगिननं जेस्टॉर (अभ्यासलेखांचा ऑनलाइन संग्रह) मिळतं का पाहा, आणि कॉलेजात नसलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन सेवेतून मागवायचं तर किमान तीन आठवडे हाताशी ठेवा. क्वार्टरमध्ये असाल तर ही मागणी दुसऱ्याच आठवड्यात नोंदवा.