संध्याकाळ झाली की पोट तट्ट फुगतं, नेमकं बंद काय करायचं?

भांडुपकरीण

नमस्कार मंडळी. वय ३९, राहायला भांडुप, ऑफिस फोर्टला. बरेच महिने एकच त्रास चाललाय. सकाळी पोट एकदम नॉर्मल असतं आणि संध्याकाळी पाच-सहा वाजले की इतकं फुगतं की सलवारची नाडी सैल करावी लागते, सीएसएमटीला ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली तरी नीट बसवत नाही. करपट ढेकर नाहीत, छातीत जळजळ नाही, नुसती गुडगुड आणि गॅस, आणि लेडीज डब्यात तेवढ्या गर्दीत दाबून धरायचा म्हणजे मग कळा येतात. फॅमिली डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची अ‍ॅसिडिटीची गोळी दिलीय, ती चालू आहे, फरक काही नाही. ओवा, हिंग, जिऱ्याचं पाणी सगळं करतेय. डब्यात पोळी-भाजी आणि चवळी, मटकी नाहीतर वालाची उसळ, दिवसभरात तीन-चार कटिंग होतात. आता घरात प्रत्येकजण काहीतरी बंद करायला सांगतोय, सासूबाई म्हणतात कडधान्यं बंद कर, नवरा म्हणतो दूध बंद कर, ऑफिसातली मैत्रीण म्हणते गहू सोड, मग मी खायचं काय? वजन कमी झालेलं नाही, शौचातून रक्त वगैरे नाही. पोट मात्र रोज साफ होतंच असं नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, खरंच वैताग आलाय.

ठाण्याची फार्मासिस्ट

ताई, आधी त्या गोळीचं सांगते. ती जठरातलं आम्ल कमी करते, आणि तुमचा गॅस बहुतेक मोठ्या आतड्यात तयार होतोय, म्हणजे गोळीचा आणि तक्रारीचा फारसा संबंधच नाही. जळजळ नसेल तर ही गोळी चालू ठेवायची गरज आहे का हे डॉक्टरांना सरळ विचारा.

पोटात वायू मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक म्हणजे गिळलेली हवा, घाईघाईत जेवणं, जेवताना फोनवर बोलणं, च्युइंग गम, सोडा, कोल्ड्रिंक. ही बरीचशी ढेकरेवाटे वर निघून जाते. दुसरी म्हणजे लहान आतड्यात न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच, कुणाच्याच. त्यामुळे उसळ खाऊन थोडा गॅस होणं हा आजार नाही. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं हे अगदी नॉर्मल धरतात.

आता वेळ बघा. दीड वाजता खाल्लेली उसळ मोठ्या आतड्यात पोचायला साधारण चार-सहा तास लागतात, म्हणजे नेमकी तुमची ट्रेनची वेळ. लोक काय करतात, पाच वाजता खाल्लेल्या भेळेला नाहीतर चहाला दोष देतात आणि दुपारचं ताट विसरून जातात. म्हणून एक आठवडाभर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, पोट किती वाजता फुगलं आणि त्या दिवशी शौचाला झाली की नाही.

हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. तुमच्या पोस्टमधलं ‘पोट रोज साफ होतंच असं नाही’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आमच्या काउंटरवर गॅसची गोळी मागायला येणाऱ्या कितीतरी नोकरी करणाऱ्या बायकांचं हेच असतं, सकाळी डबे, मुलांची शाळा, ट्रेन, या गडबडीत शौचाला बसायला वेळ नाही, आलेली कळ दाबायची आणि धावायचं. आणि वाटेत स्वच्छ टॉयलेट मिळेल याची खात्री नाही म्हणून दिवसभर पाणीसुद्धा बेतानं प्यायचं. मळ आत साठून राहिला की वायू पुढे सरकत नाही, आंबायला वेळही जास्त मिळतो, मग वरून कितीही ओवा चावा. मला फार वाटतं याबद्दल, कारण हा दोष त्या बाईच्या पोटाचा नाही, तिच्या दिवसाचा आहे, आणि उपाय म्हणून तिला गोळ्या मिळतात.

तर पंधरा मिनिटं लवकर उठता आलं तर बघा, काहीतरी गरम प्या आणि निवांत बसा, घाई नको. रात्री इसबगोल एक चमचा भरपूर पाण्यात, आधी अर्धा चमचा, मग वाढवायचं, एकदम जास्त घेतलं तर उलट फुगतं. ऑफिसात पाणी प्या. जेवल्यावर लगेच खुर्चीत न बसता दहा मिनिटं चाला. सिमेथिकोनची गोळी मिळते, ती बारीक बुडबुड्यांचे मोठे बुडबुडे करते म्हणजे वायू बाहेर पडणं सोपं जातं, पण तयार होणं थांबवत नाही, काहींना बरं वाटतं, काहींना काहीच फरक नाही.

दादरचं स्वयंपाकघर

कडधान्यं सोडू नकोस गं. आमच्याकडे वाल आठवड्यातून एकदा तरी होतोच. रात्री भिजत घालायचे, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, ते पिवळट पाणी फेसाळ असतं बघ, वायू करणाऱ्या साखरा बऱ्याचशा त्यातच उतरतात. मग फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी दाबून सालातून काढायची, वेळ लागतो पण सालं गेली की उसळ हलकी होते. शिजताना वर येणारा फेस चमच्यानं काढून टाकायचा. फोडणीत हिंग आणि ओवा. सकाळी उठून न भिजवता थेट कुकरला लावलेली चवळी आणि ही उसळ यांत पोटाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि वाटीभर एकदम खाण्याऐवजी दोन-तीन चमचे रोज खा, आतड्यांना हळूहळू सवय होते. सुरुवातीला मूग, ते सगळ्यात सोसवतात. वाल आणि छोले रविवारी घरी असताना.

विक्रोळी ईस्ट

मध्येच विचारतो, सॉरी. माझ्या बाबांना, वय ६६, शुगरची नवीन गोळी सुरू झाल्यापासून प्रचंड गॅस होतोय, तेच जेवण, तीच वेळ. गोळीमुळे असू शकतं का? आई म्हणते वय झालं की होतंच.

ठाण्याची फार्मासिस्ट

@विक्रोळी ईस्ट, नक्कीच असू शकतं. गोळीवर व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज लिहिलंय का बघा. ती जेवणातल्या पिष्टाचं पचन हळू करते म्हणून जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही, पण उरलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि गॅस होतो. मेटफॉर्मिननंही होतो, त्यात हळूहळू सुटणारा प्रकार येतो तो पोटाला जरा सौम्य असतो. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घ्या.

घाटकोपर स्लो

मला एकच सांगायचंय आणि ते सगळ्यांनी घरी सांगा, विशेषतः विक्रोळीकर तुम्ही, कारण बाबांना शुगर आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना रात्री छातीत जड वाटत होतं, घाम फुटला होता, घरच्यांनी गॅस म्हणून सोडा दिला, ओवा दिला, पाठीवर थोपटलं, ढेकर आली म्हणून बरं वाटलं असं सगळ्यांना वाटलं. तो हार्ट अ‍ॅटॅक होता. ढेकर आली म्हणजे हार्टचं नाही असं अजिबात नसतं. छातीवर दाब, घाम, दम लागणं, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि आधी ईसीजी काढा. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर नुसती मळमळ आणि पोटात अस्वस्थ वाटणं एवढंच होऊ शकतं. आणि बीपीवाल्यांनी ते फसफसणारं गॅसचं पाणी रोज पिऊ नये, त्यात सोडियम भरपूर असतं.

भांडुपकरीण

सगळ्यांना मनापासून थँक्यू, डोळे उघडले अगदी. सकाळी कळ दाबून ट्रेन पकडायची हे माझंच वर्णन आहे. दोन प्रश्न राहिले. दूध आणि गहू बंद करून बघू का? आणि डॉक्टरकडे परत जायचं तर कधी?

ठाण्याची फार्मासिस्ट

दुधाचं घरीच कळतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांना दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत गुडगुड, गॅस, पातळ शौच असं होतं. दोन आठवडे दूध, पनीर, आइस्क्रीम, बासुंदी बंद ठेवा, मग एक दिवस कपभर दूध पिऊन बघा. पण असं असलं तरी एका वेळी साधारण कपभर दुधाइतकं लॅक्टोज बऱ्याच जणांना सोसतं, कटिंगमध्ये दूध असतं किती, त्यामुळे चहावर माझा फार संशय नाही. दही-ताकही बहुतेकांना चालतं.

डॉक्टरकडे, मी म्हणेन वरचं सगळं महिनाभर करून फरक नसेल तर जाच. आणि लगेच जायचं ते अशा वेळी: काही न करता वजन उतरणं, शौचातून रक्त किंवा काळी शौच, हिमोग्लोबिन घसरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उलट्या, किंवा पोट फुगून गच्च झालंय आणि शौच नाही की वायू नाही. आणि आपल्या बायकांसाठी एक, पोट सकाळीही उतरत नाही, सतत फुगलेलंच आहे, दोन घास खाल्ले की भरतं, असं काही आठवडे चाललं तर सोनोग्राफी करून अंडाशय तपासून घ्यायचे, चाळिशी-पन्नाशीनंतर तर नक्कीच, हे गॅसवर ढकलून चालत नाही.

राहिला गहू. गव्हात फ्रुक्टन नावाचं, लहान आतड्यात न पचणारं कार्बोहायड्रेट असतं, कांदा-लसणातही असतं, त्यानं काहींना गॅस होतो, ते नंतर बघता येईल. पण सीलिअ‍ॅक नावाचा, गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार नाही ना हे आधी बघावं लागतं, त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, आणि आधीच गहू बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. तेव्हा मैत्रिणीला सांगा, टेस्ट होईपर्यंत पोळी चालू.