'नॅचरल फिलॉसॉफी'ला मराठीत काय म्हणावं?

गारवेल: शाळकरी मुलांसाठी न्यूटनवर लेख लिहितेय. त्याच्या १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या पूर्ण नावात 'नॅचरल फिलॉसॉफी' (निसर्गाच्या अभ्यासाचं तेव्हाचं नाव) आहे. मी 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' लिहिलं, संपादकांनी खोडून 'भौतिकशास्त्र' केलं. तत्त्वज्ञान म्हटलं की मुलांना ब्रह्म-माया आठवेल म्हणे. मला पटत नाही, पण 'नैसर्गिक'ही खटकतंय. दुसरा शब्द सुचवा.

कातळ: 'निसर्गमीमांसा' करा. 'भौतिकशास्त्र' साफ चूक आहे. 'सायंटिस्ट' हा शब्दच व्हेवेल या इंग्रज विद्वानाने १८३३ मध्ये सुचवला, न्यूटन जाऊन शंभर वर्षं उलटल्यावर. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचं १६६५ पासूनचं नियतकालिक आजही 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' याच नावाने निघतं. आणि 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या आवृत्तीला (१७१३) जोडलेलं शेवटचं टिपण वाचा. गुरुत्वाकर्षण कशामुळे, ते घटितांवरून (प्रत्यक्ष दिसणाऱ्या घटनांवरून) काढता आलं नाही आणि मी कल्पना लढवत नाही, असं न्यूटन तिथे बजावतो. त्याच टिपणात देवाविषयी सविस्तर लिहितो, आणि घटितांवरून देवाबद्दल बोलणं हे याच विद्येचं काम असल्याचंही सांगतो. हे भौतिकशास्त्रात कुठे बसवणार?

पाटीपेन्सिल: मीमांसा म्हटलं की मीमांसासूत्रं लिहिणारा जैमिनी आठवतो, तेही आपल्याला. आठवीतल्या पोराला तर काहीच नाही. वर्गात शिकवते म्हणून सांगते, 'भौतिकशास्त्र' ठेवा आणि खाली टीप द्या. शब्द वाचकासाठी असतो.

उंबरठा: मुळात 'विज्ञान' तरी कुठे आजच्या अर्थाचा? ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात प्रपंचाला विज्ञान म्हटलंय, आणि तोच खरा मानणं म्हणजे अज्ञान! आमची आजी 'विज्ञान' त्याच अर्थाने वापरायची.

कातळ: शंकराचार्यांचा अर्थ वेगळा आहे. शास्त्रातून कळलं ते ज्ञान, ते स्वतः अनुभवलं की विज्ञान. मला यात प्रयोगाचं बीज दिसतं.

पाटीपेन्सिल: ओढूनताणून आहे हे. तो अनुभव आत्म्याचा, प्रयोगशाळेतला नव्हे.

गारवेल: टीप दिली तरी देवाचा परिच्छेद उरतोच ना? 'भौतिकशास्त्रा'खाली तो वाचून मुलं गोंधळतील.

उंबरठा: 'शास्त्र' तरी कुठे नेमकं आहे? वडिलांच्या वेळापत्रकात विषयाचं नाव 'शास्त्र' होतं, माझ्या वेळी 'विज्ञान'. आणि घरात अजून 'शास्त्रापुरतं हळदकुंकू लाव' म्हणतात.

कातळ: 'शास्त्रापुरतं' म्हणजे नियमापुरतं. धातू 'शास्', शिस्त लावणे. म्हणूनच पाकशास्त्र चालतं, पाकविज्ञान कानाला लागतं.

पाटीपेन्सिल: का लागावं? गृहविज्ञान रुळलंच की.