गाईड सोबत होता म्हणून दिसलं : राजवाडे आणि गडांवरचे आपले अनुभव

गेल्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन हैदराबादला गेले होते. गोवळकोंड्याच्या खालच्या दरवाजात गाईडने आम्हाला घुमटाच्या बरोबर खाली उभं केलं आणि टाळी वाजवायला सांगितली. आवाज घुमला. तो म्हणाला, ही टाळी वर बालाहिसारपर्यंत पोचते, शत्रू आल्याची वर्दी अशीच जायची.

आईचे गुडघे दुखतात, साडेतीनशे पायऱ्या तिला जमणार नव्हत्या. ती म्हणाली, "तुम्ही जा वर, मी खालून वाजवते." पण तिथे दिवसभर माणसं टाळ्या वाजवतच असतात. त्यातली आईची कुठली, हे कळणार कसं? गाईडनेच तोड काढली. "माताजी, आरतीत वाजवता तशी वाजवा."

वर वारा जोरात होता. मी फोन केला. पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. मग गाईडने बाबांचा दंड धरून त्यांना दोन पावलं डावीकडे सरकवलं, आणि आली. बारीक, कोरडी, पण "सुखकर्ता दुःखहर्ता"च्याच ठेक्यात. बाबांनी न बोलता वरून तोच ठेका धरला.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज कुतुबशहाला भेटायला भागानगरला, म्हणजे इथे हैदराबादलाच, आले होते, हे गाईडने आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर आवर्जून सांगितलं. आठ महिने वेढा सोसून १६८७ मध्ये किल्ला औरंगजेबाच्या हाती कसा गेला, तेही सांगितलं. पण घरी आल्यावर आम्ही बोलतो ते त्या दोन पावलांबद्दल. ती जागा आमची आम्हाला कधीच सापडली नसती.

म्हणून हे विचारतेय. राजवाडा असो, किल्ला असो, एखाद्या राजघराण्याचं संग्रहालय असो. गाईडमुळे तुम्हाला असं काय दिसलं किंवा ऐकू आलं, जे एरवी सुटलं असतं? वाईट अनुभवही लिहा, दुसऱ्याचा फेरा वाचेल. फक्त कुणाचं नाव घेऊ नका.

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षिका

मी तंजावरबद्दल लिहिते. तीन वर्षं झाली, पण काल जाऊन आल्यासारखं आठवतंय.

आम्ही बारा जणी गेलो होतो. मंदिरं पाहायची म्हणून निघालेलो, राजवाडा वाटेत होता इतकंच. राजवाड्याच्या दारात जो गाईड मिळाला त्याने इंग्रजीत सुरुवात केली. आमची आपापसात कुजबुज चालली होती ती ऐकून तो थांबला आणि मराठीत बोलू लागला. ती मराठी आपल्यासारखी नाही. चाल तमिळची, काही शब्द माझ्या आजीच्या तोंडचे आणि काही मला अजिबात न कळलेले. घरात हीच बोलतो, म्हणाले. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गेले, त्यांच्याबरोबर जी घराणी गेली त्यांतलं या गाईडचं एक. साडेतीनशे वर्षं झाली. आमच्यातल्या दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं.

मग त्यांनी सरस्वती महाल दाखवला. ग्रंथालयाचं संग्रहालय तेवढं आपल्याला पाहता येतं, पण ते पुरे आहे. सरफोजीराजे दुसरे म्हणजे काय माणूस होता! राज्यकारभार जवळजवळ सगळा इंग्रजांच्या हातात गेलेला, आणि हा राजा ग्रंथ जमवतोय, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवून घेतोय. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छपाई सुरू केली आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मी एकतीस वर्षं मराठी शिकवली. मराठी छपाईची सुरुवात सांगताना मी मुंबई-पुण्याच्या पुढे कधी गेले नव्हते.

शेवटी ते आम्हाला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. हे त्यांच्या ठरलेल्या फेरीत नव्हतं, वेगळे पैसेही मागितले नाहीत. तिथे भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला मराठी शिलालेख आहे, भोसले कुळाचा सबंध इतिहास. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखात, दगडावर मराठी! ते म्हणाले, तुम्ही वाचा, मला ऐकायचंय. मी अडखळत वाचू लागले. एका ठिकाणी शब्द लागेना तर त्यांनी मागून हळूच सांगितला. त्यांना तो पाठ होता.

नाशिकहून

माझा अनुभव अगदी उलट आहे. एका प्रवासी कंपनीबरोबर राजस्थानला गेलो. आमेर किल्ल्याला पाऊण तास दिला आणि त्यानंतर रजया-खड्यांच्या दुकानात दीड तास. किल्ल्यात गाईडने चार ठिकाणी फोटो काढायला उभं केलं, राण्या किती होत्या ते सांगितलं आणि संपलं. दुकानात मात्र तोच माणूस शेवटपर्यंत आमच्या मागे उभा होता. सासूबाईंनी भिडेपोटी घेतलेला खडा इथल्या सराफाने पाहिला आणि काही न बोलता परत दिला. खड्याचे पैसे गेले ते गेले, मला तो पाऊण तास अजून डाचतो. आता तिथे परत कधी जाणार आम्ही?

पुण्याहून

नाशिकच्या ताई, वाचून वाईट वाटलं. कधी जमलं तर नक्की परत जा, आणि या वेळी स्वतःचा गाईड घ्या. चढायच्या आधीच त्याला सांगा, दुकान नको, दोन तास किल्लाच दाखव. आम्ही तसंच केलं होतं.

माझ्या भावाने त्याला एकच प्रश्न विचारला, "मिर्झाराजे जयसिंह इथेच राहायचे ना?" त्या माणसाचा चेहरा उजळला. तोवर आम्ही त्याला रोजच्यासारखे पर्यटक होतो. मग त्याने शीशमहालासमोर आम्हाला बसवलं. हा मिर्झाराजांच्याच काळचा. मी शाळेत पुरंदरचा तह घोकला होता, १६६५, तेवीस किल्ले दिले, बारा राखले. तो तह करून घेणारा माणूस या अंगणात हिंडला असेल, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. गाईडने तिकडची बाजू सांगितली. आग्र्यात महाराजांच्या सुरक्षिततेचा शब्द मिर्झाराजांनी दिलेला, मुलगा रामसिंह तिथे जामीन, आणि महाराज निसटल्यावर बादशहाचा राग त्या मुलावर. पुढच्याच वर्षी मिर्झाराजे बऱ्हाणपुरात वारले. त्यांच्या घरात बसून हे ऐकताना तहाच्या कागदापलीकडचा माणूस पहिल्यांदा दिसला.

जयपूरला जंतरमंतरही गाईडशिवाय पाहू नका. नुसतं गेलं तर घसरगुंड्यांसारखी बांधकामं दिसतात. सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं सूर्यघड्याळ, सत्तावीस मीटर उंच आहे. गाईडने माझ्या आठ वर्षांच्या मुलीला सावलीच्या कडेला बोट ठेवायला सांगितलं आणि म्हणाला, हलवू नकोस. एका मिनिटात सावली तिच्या बोटावरून पुढे सरकून गेली. सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. "आई, पृथ्वी फिरतेय," ती ओरडली. तिला पुस्तकात हे माहीत होतं. बोटावर आज कळलं.

डोंबिवलीहून, गणिताचा शिक्षक

ग्वाल्हेर. बहुतेक जण जयविलास राजवाडा पाहतात आणि तो पाहण्यासारखा आहेच. शिंदे घराणं मूळचं आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून मजबुती तपासली असं तिथे सांगतात. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे, मुलं तिथून हलत नाहीत.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. किल्ल्याच्या चढणीवर एक छोटं चतुर्भुज मंदिर आहे, अखंड खडकात कोरलेलं. गाड्या त्याच्यासमोरून निघून जातात. मी गणित शिकवतो म्हटल्यावर आमचा गाईड म्हणाला, मग आधी तिथे. कुलूप होतं. तो जाऊन रखवालदाराला शोधून घेऊन आला. वीस मिनिटं लागली, उन्हाचा चटका होता, सोबतची मंडळी कुरकुरत होती.

आत भिंतीवर इसवी सन ८७६ चा लेख आहे. देवासाठी बाग दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० हार. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य. एवढंसं वर्तुळ. गाईडने बॅटरी तिरकी धरली, तेव्हा खाच उठून दिसली. मी बावीस वर्षं रोज फळ्यावर शून्य काढतो. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी फुलांचा हिशेब करताना ते सहज लिहून गेलं. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. गाईडने घाई केली नाही.

महाडजवळून

रायगडाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, मी लिहितो.

माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहाने गेली. तरुणपणी त्यांनी रायगड पायऱ्यांनी कितीदा केला होता. दोन वर्षांपूर्वी म्हणाले, एकदा परत न्या. रोपवेने नेलं. मला धास्ती होती, आता यांना वर नेऊन दाखवायचं काय?

वर आमच्याच भागातला एक तरुण गाईड मिळाला. त्याने वडिलांना पाहिलं आणि आपली रोजची फेरीच बदलली. "आजोबा, आज आपण गड हातानं बघू." गंगासागराचं पाणी ओंजळीत दिलं. बाजारपेठेच्या जोत्यांवरून हात फिरवायला लावला. घोड्यावर बसूनच लोक इथे सौदा करायचे, अशी गोष्ट सगळे सांगतात. त्याने वडिलांचा हात जोत्याच्या वरच्या कडेला टेकवला आणि म्हणाला, "उंची तुमच्या हातात आहे, घोडा तुम्ही मनात उभा करा, पटतंय का बघा. मी सांगतो म्हणून मानू नका." मला तो पोरगा तिथेच आवडला.

मग सदरेवर. वडिलांना सिंहासनाच्या जागेसमोर उभं केलं, मला सोबत ठेवलं, आणि तो एकटा पार नगारखान्याच्या दरवाजात गेला. तिथून तो ओरडला नाही. साध्या आवाजात बोलला. "आजोबा, ६ जून १६७४. इथून लोक आत येतायत." प्रत्येक अक्षर ऐकू आलं. वडिलांनी पाठ ताठ केली. मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं किती वर्षांनी पाहिलं.

शेवटी जगदीश्वराची पायरी. "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर". गड बांधणाऱ्याने स्वतःचं नाव कोरलं ते देवाला येणाऱ्यांच्या पायाशी. वडील खाली बसले. गाईडने त्यांचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि सोडून दिलं. पुढची अक्षरं त्यांनी एकेक करत स्वतः वाचली. माणसं मागे थांबून राहिली, कुणी पुढे घुसलं नाही.

वडील गेल्या वर्षी गेले.

छत्रपती संभाजीनगरहून, गाईड

सगळं वाचलं. आमच्या लोकांबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही. मी देवगिरीला अठरा वर्षं गाईड आहे, म्हणून दोन शब्द आमच्या बाजूचे.

लोक येतात आणि विचारतात, किती वेळ लागेल? वर काही आहे का? खजिना कुठे होता? सुरुवातीला मीही मग तेच सांगायचो जे त्यांना हवं असतं. आता नाही सांगत. देवगिरी म्हणजे मुळात दगडाची अक्कल आहे. टेकडीचा खालचा भाग सरळ तासून काढलाय, पायाला आधार म्हणून मिळत नाही. मग खंदक, मग अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. अंधारीत मी टेंभा घेऊन नेतो आणि वळणावर तो विझवतो. "आता तुम्ही शत्रू, पुढचं पाऊल टाका," म्हणतो. आजवर कुणी टाकलेलं नाही. असला किल्ला असून १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे यादवांचं काय झालं, हे मग लोक स्वतः विचारतात. तिथून खरं बोलणं सुरू होतं.

गाईड घेताना पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा, दर आधी ठरवा, वेळ आधी ठरवा. दुकानाचं नाशिकच्या ताईंनी लिहिलं ते खरं आहे, तिथे टक्केवारी असते. मी ती घेत नाही, असे बरेच जण आहेत. आणि एक विनंती, आम्हाला प्रश्न विचारा. आम्हीही घरी जाऊन वाचतो. कुणीच काही विचारलं नाही की ते सगळं पोटातच राहतं. सकाळी नऊच्या आत या, ऊन चढलं की माझंही लक्ष सावलीकडे जातं.

बेळगावहून

म्हैसूरला जाणार असाल तर रविवार किंवा सुट्टीचा दिवस धरा, संध्याकाळी राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात. पण दिवसा आत गाईड घ्याच. जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नातच जळाला, हा १९१२ मध्ये पुरा झाला. कल्याण मंडपाचे लोखंडी खांब ग्लासगोहून जहाजाने आले. आमच्या गाईडने अशा एका खांबावर बोटाची टिचकी मारून दाखवली, तेव्हा कळलं तो दगडाचा नाही.

इंदूरहून

आम्ही चार पिढ्या इथले. पाहुणे आले की राजवाडा दाखवतो, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, ते पाठ आहे. पण मला महेश्वर सांगायचंय. अहिल्याबाईंचा वाडा. पुण्याहून आलेला माझा भाचा आत शिरला, इकडे तिकडे पाहिलं आणि गाईडला विचारलं, राजवाडा कुठाय? साधं कौलारू घर, चौक, ओसरी, ओसरीवर पांढरी गादी. गाईड म्हणाला, इथेच बसून माळवा चालवला त्यांनी, जवळजवळ तीस वर्षं.

सकाळी लवकर जाल तर लिंगार्चन बघायला मिळेल. बाईंच्या काळापासून चालत आलंय. काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं पाटावर ओळीने करतात, प्रत्येकावर तांदळाचा एक दाणा. हात इतके भरभर चालतात की मोजता येत नाही. आमचा गाईड तोवर अखंड बोलत होता. तिथे मात्र ओठांवर बोट ठेवलं आणि आमच्याबरोबर खाली बसला. पूजा आटोपली, पाट उचलले, आणि पुजारी घाट उतरून नर्मदेकडे निघाले तेव्हा गाईड म्हणाला, "चला, मागून जाऊ."