जाळ्याच्या गोळ्यांसाठी शिसं ओतताना उडालं

प्रश्न (नांदेड): गोदावरीत टाकायच्या फेकजाळ्याला शिशाच्या गोळ्या घरीच ओतायलोय. जुन्या केबलीवरचं शिसं, लोखंडी कढई, अंगणात चूल. काल साचा धुऊन लगेच रस ओतला तर सगळं उडालं, मनगट भाजलं. कशानं झालं?

उत्तर: भाऊ, साच्यात ओल राहिली. पाण्याची क्षणात वाफ होते अन् रस उडवते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणून साचा अन् पळी आधी चुलीवर चांगली तापवून कोरडी करा. वर येणारी मळी विषारी, उघड्यावर टाकू नका.

दुसरं उत्तर: ती कढई पुन्हा स्वयंपाकात नको. बॅटरीच्या प्लेटा तर वितळवूच नका, त्यात आम्ल असतं. घरात लेकरं आहेत का? शिसं त्यांच्या मेंदूला बाधतं.

प्रश्नकर्ता: पोरगी तीन वर्षांची आहे दादा, चुलीजवळच खेळत होती. आजच चूल मोडली.