शाळेच्या जोत्यातील दगड आठवीच्या मुलांना कसा शिकवावा?

प्रश्न (भूगोल शिक्षिका, भोर तालुका):
अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित हे खडकांचे प्रकार आमची मुले घडाघड म्हणतात. परंतु ज्या जोत्यावर बसून ती डबा खातात तो दगड यांपैकी कोणता, असे विचारले की वर्ग गप्प होतो. परवा एका मुलीने जोत्यातील भोकाभोकांचा दगड दाखवून, "बाई, याला कीड लागली आहे का?" असे विचारले. तेव्हापासून हा धडा त्या दगडापासूनच सुरू करावा असे मनात आहे. शाळेत प्रयोगशाळा नाही. काय करता येईल?

उत्तर १ (निवृत्त भूशास्त्र प्राध्यापक, पुणे):
बाई, त्या मुलीला उत्तर लगेच सांगू नका. आधी तिला तसेच आणखी दगड शोधू द्या. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्याचा हा बेसाल्ट, म्हणजे काळा अग्निजन्य खडक. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढून प्रवाहाच्या माथ्याजवळ अडकले, म्हणून तेथील दगड सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या याच थरांच्या आहेत. पुढे काही भोकांत पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट अशी पांढरी खनिजे साठली. सुट्या दगडातील पांढऱ्या कणांची पूड करून तिच्यावर लिंबाचा रस टाका. फेस आला तर ते कॅल्साइट समजावे. काळ्या दगडाची पूड चुंबकाला चिकटते, कारण त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय खनिज असते. मात्र देवळाचा किंवा वाड्याचा दगड मुलांना खरवडू देऊ नये.

उत्तर २ (शिक्षक, रत्नागिरी):
आमच्याकडे घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. बहुतेक ठिकाणी हा जांभा त्याच बेसाल्टपासून झाला आहे: मुसळधार पावसाने सिलिका वाहून गेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली, म्हणून तो तांबडा. खाणीतून काढताना चिरा तुलनेने मऊ असतो आणि हवेत राहून टणक होतो. आपण काळ्या दगडाचे तुकडे पाठवल्यास मी चिऱ्याचे तुकडे पाठवीन; दोन्ही शेजारी ठेवून थेंब थेंब पाणी टाकले की कोणता दगड पाणी पितो ते मुलांना स्वतःच दिसेल.

उत्तर ३ (पाथरवट कुटुंबातील सदस्य):
माझे आजोबा पाट्यासाठी दगड निवडताना आधी हातोडीने वाजवून पाहत. खणखणीत आवाज आला तरच टाकी (छिन्नी) लावत, बद्द वाजला तर आत चीर आहे असे समजून बाजूला टाकत. भोकांचा दगड पाट्याला चालत नाही, कारण वाटण त्यात अडकते. जोत्याला मात्र चालतो. ताई, गावात कोणी पाथरवट असतील तर त्यांना एक तास वर्गात बोलवावे आणि त्यांना त्या वेळेचा मोबदला द्यावा.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी जोत्यापासून सुरुवात करून मागच्या डोंगरापर्यंत जाऊ. भोकांचा थर कोठे दिसतो ते शोधण्याचे काम मी त्या मुलीकडेच दिले आहे. रत्नागिरीच्या सरांना तुकडे पुढच्या आठवड्यात पाठवते.