मदत हवी आहे: तीन वयांची तीन मुलं, उपक्रम मात्र एकच हवा

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला राहतो, मुलांना घरीच शिकवतो. थोरली नऊ वर्षांची, मधला सहाचा, धाकटा तीनचा. वाचन-लेखन ज्याचं त्याचं होतं. घोडं अडतं ते हाताने करायच्या गोष्टींत. परवा मटकीला मोड आणायला ठेवली. थोरलीने मोडांची लांबी पट्टीने मोजून आलेख काढायचा, मधल्याने चित्रं काढायची, असं ठरलं होतं. धाकट्याने फडकं सोडून निम्मी मटकी फस्त केली, आलेख गेला उडत!

माती-कणीक घेतली की धाकटा खूश, पण थोरलीला ते 'बाळांचं' वाटतं. तिला तराजू, वजनं, दशांश अपूर्णांक असलं काहीतरी हवं असतं. एकाच सामानात तिघं रमतील असं तुम्ही काय करता? चिंचोके, सागरगोटे घरात आहेत. महागडे किट नकोत.

थंडीत नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला जायचंय (महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे मधल्याकडून नोंदी कशा करून घेऊ? आणि धाकट्याच्या आवाजाने पक्षी उडणार नाहीत, याला काही उपाय?

'शाळेत घाला' हा सल्ला सासूबाई रोज देतात, तेवढा सोडून काहीही चालेल.