एसएटीला तिसऱ्यांदा बसवावं का? सुपरस्कोर १४८० आहे

एडिसनची आई:
लेक सप्टेंबरमध्ये बारावीत जाईल. मार्चमध्ये पहिल्यांदा एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) दिली: रीडिंग-रायटिंग ६९०, मॅथ ७४०, एकूण १४३०. जूनमध्ये मॅथ ७९० आलं, पण रीडिंग ६६०वर घसरलं, म्हणजे १४५०. दोन्हींतलं चांगलं ते घेतलं की १४८०, त्यालाच सुपरस्कोर म्हणतात.

जूनला जवळचं केंद्र भरलं होतं. पहाटे उठून पन्नास मिनिटांवरच्या शाळेत गेलो. परीक्षा लॅपटॉपवर, टेबलाजवळ प्लग नव्हता आणि माझा जुना लॅपटॉप दिलेला. रीडिंग आधी असतं. ती सांगत होती, उतारा वाचताना डोळा सारखा कोपऱ्यातल्या बॅटरीच्या आकड्याकडे जायचा. ते मनातून जात नाही माझ्या.

हे म्हणतात, ऑगस्टला बसू दे, १५०० पार होतील. ती म्हणते, "आई, मला अर्जाचे निबंध लिहायचेत गं." पुण्याचा भाऊ म्हणतो, जेईई मेनलाही मुलं दोनदा बसतातच. पण तिथे ज्या वेळचा एकूण स्कोर चांगला तो धरतात, एका वेळचं फिजिक्स नि दुसऱ्या वेळचं गणित असं जोडत नाहीत. त्यामुळे माझी अडचण त्याला कळत नाही.

यादी: जॉर्जिया टेक, पर्ड्यू, रट्गर्स, यूटी ऑस्टिन, बर्कली. काय करावं?

ऑस्टिनकर:
ताई, आधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा नियम बघा. बर्कली एसएटी बघतच नाही, ते सोडा. रट्गर्सला गुण पाठवायचे की नाही हे तुमच्या हातात. जॉर्जिया टेक आणि पर्ड्यूला परीक्षा लागते आणि दोघंही वेगवेगळ्या तारखांचे चांगले भाग घेतात, तिथे ती १४८०चीच.

यूटीला मात्र सुपरस्कोर चालत नाही. आमच्या वेळी एकाच बैठकीतला सर्वांत जास्त एकूण धरत होते, यंदाचं त्यांच्या पानावर वाचून घ्या. म्हणजे तिथे तुमची मुलगी १४५०ची. आमच्या मुलाचे आधी ६७० आणि ७९० होते. तिसऱ्यांदा तयारी करताना त्यानं मॅथला हातच लावला नाही, रीडिंग ७२० आलं नि मॅथ ७३०. सुपरस्कोर १५१० झाला, पण यूटीसाठी जुने १४६०च राहिले. तो यूटीलाच जायचं म्हणत होता, फार लागलं त्याला. तेव्हा बसवलीत तर मॅथ सुटू देऊ नका.

शिकवणी घेणारा काका:
६६० आणि ६९० एवढ्या फरकावरून मुलगी मागे पडली असं मी म्हणणार नाही. ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, २७-२७चे दोन भाग. पहिला भाग कसा जातो त्यावर दुसरा सोपा की अवघड येणार ते ठरतं, आणि सोपा आला की वरचे गुण हाती लागत नाहीत. लक्ष बॅटरीकडे होतं ते नेमकं पहिल्या भागात असेल तर आकडा तिथेच अडकला.

तिचा गुणांचा अहवाल उघडा. रीडिंगखाली चार पट्ट्या असतात. व्याकरणाची पट्टी आखूड असेल तर सहा आठवडे पुरतात, अर्धविराम कुठे नि स्वल्पविराम कुठे हे शिकवून येतं. शब्दांचा अर्थ नि उताऱ्याची मांडणी ही पट्टी आखूड असेल तर उन्हाळ्यात फार हलणार नाही, मग मी बसवणार नाही.

ब्लूबुकवर (एसएटीचं ॲप) शनिवारी सकाळी आठला पूर्ण सराव परीक्षा द्यायला लावा, दोन शनिवार. दोन्ही वेळा रीडिंग ७१०च्या वर आलं तर बसवा. आणि कॉलेजच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेज स्वतःची आकडेवारी देतं तो तक्ता) सी-नऊ हा भाग बघा, प्रवेश घेतलेल्यांचे पंचविसाव्या आणि पंचाहत्तराव्या शतमकाचे गुण असतात. १५०० हा आकडा घरात कुठून आला, तेही विचारा.

एडिसनची आई:
काका, शेवटचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. गप्प बसले थोडा वेळ.

अहवाल काल रात्री लेकीनंच उघडला. व्याकरणाचीच पट्टी आखूड. मग तीच म्हणाली, ऑगस्टला एकदा बसते, ऑक्टोबरला विचारूसुद्धा नका. दोन शनिवार ठरलेत. सराव बरा गेला नाही तर ऑगस्टही रद्द. मॅथचे रोज दहा प्रश्न चालू ठेवणार, यूटीसाठी. निबंधाचा पहिला खर्डा जुलैअखेर, कारण पर्ड्यूचा अर्ली ॲक्शनचा (लवकरच्या फेरीचा) अर्ज १ नोव्हेंबरला जायला हवा.

जागा दहा मिनिटांवरच्या शाळेत मिळाली, लगेच नाव घातलं. नवी बॅटरी मागवलीये.